मधला तुकडा

मैनेनं आपला आवाज माउसनं पकडला आणि अलगद वर उचलला. स्क्रीनवर तिचं गाणं ओळीनं मांडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखं दिसत होतं, एकेका अक्षराची एकेक शेंग. जी शेंग आपल्या सुराच्या रेघेवर बसली नसेल ती चिमटीत धरायची, रेघेवर ठेवायची आणि सोडून द्यायची, एवढंच काम. सोडली की हेडफोनमधून ‘चांदण्यांनो’मधला ‘नो’ असा लख्ख ऐकू यायचा, की हे आपणच गायलो यावर तिचा स्वतःचाही विश्वास बसेना.

“आहे बाई जादू,” ती पुटपुटली.

सकाळपासूनचं हे तिसरं सॉफ्टवेअर. गाणाऱ्याचा सूर सुधारून देणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरांचा बाजारात सुळसुळाट झालाय, हे मैनेला नुकतंच कळलं होतं. सगळी आधी थोडे दिवस फुकट वापरू देतात. लेकीनं वसतिगृहातून फोनवर सांगत सांगत त्यांतली तीन आईच्या संगणकावर उतरवून घेतली होती आणि वर सल्लाही दिला होता, “आई, चपला घेतेस तसं घे. चार पावलं चालून बघ, मग ठरव.”

पहिल्यात काही करावंच लागत नव्हतं. बटण दाबलं की प्रत्येक सुराला ते जवळच्या जागेवर खेचून नेई. पण असं हिसका मारून, की अंगाई गाणारी बाई गाड्यांच्या वेळा सांगतेय असं वाटे. त्यात एका कडव्यात मैनेचा सूर बराच खाली गेलेला होता. तिथं त्याला खालचीच जागा जवळची वाटली आणि त्यानं मोठ्या निष्ठेनं तिला एक पायरी खाली नेऊन बसवलं. ‘आज्ञाधारक आहे, पण समज कमी,’ असा शेरा मारून मैनेनं ते बंद केलं. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे शेरे तिच्या जिभेवरच असत. दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे नुसत्या रेघांचा गुंता. एक रेघ हलवावी तर शेजारच्या दोन रुसून बसत. हे तिसरं मात्र शहाणं निघालं. कुठं किती उचलायचं ते माणसावर सोपवत होतं आणि उचलल्याची खूणही मागे ठेवत नव्हतं.

निवड लवकर करायला हवी होती, कारण उद्यापर्यंत कळवायचं होतं. मैना आणि तिची नणंद मिळून अंगाया गात. म्हणजे मैना गाई आणि ताई व्हायोलिन वाजवत. दुसरं कुठलंही वाद्य नाही, नुसता एक आवाज आणि एक व्हायोलिन. लेकीनं गंमत म्हणून ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि कुठल्या कुठल्या घरांतली बाळं म्हणे त्यावर झोपू लागली. बाळांच्या आयांचे निरोप येऊ लागले. आणि आता लहान मुलांची गाणी काढणाऱ्या एका कंपनीला त्यांचा अल्बम काढायचा होता. कंपनीच्या संगीत संयोजकानं सगळी रेकॉर्डिंगं ऐकून काल निरोप पाठवला होता. ‘आवाजात माया आहे. पण व्हायोलिन प्रत्येक कडव्यात खाली घसरतं आणि आवाजाला सोबत ओढतं. यावर दुसरी वाद्यं बसणार नाहीत. माझं मत, व्हायोलिन काढू आणि की-बोर्ड घेऊ. तुम्ही फक्त आवाजाचा ट्रॅक सूर सुधारून पाठवा. चालेल का, ते कळवा.’

मैनेनं तो निरोप बऱ्याच वेळा वाचला होता. वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. ताईंचा हात खाली येतो, हे ती गेली कित्येक वर्षं म्हणत आली होती. त्यांच्या तोंडावर नाही, पण नवऱ्याकडे, लेकीकडे, एकदोनदा बालवाडीतल्या बाईंकडेसुद्धा. आणि दोन कडव्यांच्या मधले तुकडे तर ताई इतके लांबवत, की ते मात्र ती तोंडावर बोले.

“ताई, किती हो लांबवता? माझं पाणी पिऊन होतं, घसा खाकरून होतो, तरी तुमचं चाललेलंच.”

“मग आणखी थोडं पाणी पी,” ताई म्हणत. “प्रकृतीला चांगलं असतं.”

मैनेनं शेवटची शेंग रेघेवर ठेवली. तिचं गाणं आता आखून दिल्यासारखं सरळ झालं होतं. तिनं हेडफोन काढला, स्पीकर चालू केला आणि सुधारलेल्या आवाजाखाली व्हायोलिनचा ट्रॅक उघडला. पहिल्या ओळीला दोघी बरोबर होत्या. दुसऱ्या ओळीला व्हायोलिन कण्हायला लागलं, आणि कडवं संपेपर्यंत तर ऐकवेना.

नवरा वर्तमानपत्र घेऊन दारात आला. सुरातलं त्याला काही कळत नसे आणि त्याबद्दल त्याला खेदही नव्हता.

“मांजराच्या शेपटीवर कोणाचा पाय पडला?”

“ताईंचं व्हायोलिन आहे ते.”

“अरेच्चा.” त्यानं वर्तमानपत्राची घडी केली. “मग खरंच काढावं लागणार?”

“ऐकलंत ना तुम्ही? माझा आवाज जागेवर आणला, तर हे असं होतंय.”

“तिला सांगणार कोण?”

“तुम्ही सांगा. तुमची बहीण आहे.”

“माझी बहीण आहे म्हणूनच मी सांगणार नाही,” तो म्हणाला आणि वर्तमानपत्रासकट नाहीसा झाला.

त्याचं तरी काय चुकलं? ताई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. भाजीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घासाला सांगणार. समोरच्याचा शर्ट चुरगळलेला असेल तर त्याचं बोलणं पुरं होण्याआधी त्याला इस्त्रीचं सांगणार. दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या डेंटल लॅबमध्ये त्या काम करत, आणि माणूस हसला की आधी त्याच्या दातांत काय चुकलंय ते त्यांना दिसे. असल्या माणसाला त्याची चूक सांगायची म्हणजे काय खायचं काम आहे?

आणि ते एवढ्यावरच थांबत नव्हतं. मैनेला मैना हे नाव ताईंनीच दिलेलं. भांडी घासताना ही गुणगुणते म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी ते ठेवलं आणि मग घरात तिला दुसऱ्या नावानं कोणी हाकच मारली नाही. ताई तेव्हा याच घरात, पलीकडच्या खोलीत राहायच्या. वरच्या मजल्यावर त्या नंतर राहायला गेल्या. लेक झाली तेव्हाची गोष्ट. पोरगी रात्रंदिवस रडायची. मैना तिला मांडीवर घेऊन गायची आणि एका संध्याकाळी किलकिल्या दाराच्या पलीकडून, तिच्या आवाजाच्या मागून, व्हायोलिन येऊ लागलं. ताई आत आल्या तर पोरगी त्यांना पाहून खेळायला उठायची, म्हणून ताई दाराबाहेरच बसत. तीच पद्धत पुढे पडली. लेक मोठी झाली, शिकायला लांब गेली, तरी रेकॉर्डिंगला मैना आतल्या खोलीत, कपाटाची दारं उघडून आणि खिडकीला रजया टांगून बसे, आणि ताई दुसरा माइक घेऊन दाराच्या पलीकडे. मध्ये ती किलकिली फट. गाताना त्यांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

बेल न वाजवता घरात येणारं माणूस एकच होतं. मैनेनं घाईनं स्क्रीनवरची खिडकी खाली केली.

“मैने, पंखा कुरकुरतोय तुझा. तेल घाल त्याला.” ताईंच्या हातात व्हायोलिनचा गज होता. “हे बघ. नवे केस बसवून आणले. अल्बम म्हणजे काय चेष्टा आहे? आमच्या अख्ख्या लॅबला सांगून टाकलंय मी. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या नातवाला रोज लावतात आपलं गाणं.”

“हो का?” मैना म्हणाली. “छान झालाय गज.”

“नुसता छान? हात तर लावून बघ.” ताईंनी संगणकाकडे पाहिलं. “आणि काय लपवलंस?”

“लपवायचं काय त्यात? आवाज साफ करत होते. त्या संयोजकांनी सांगितलंय.”

“साफ कर, पण बेतानं कर.” ताई पलंगावर टेकल्या. “आमच्याकडे येतात ना, पुढचा एकच दात बसवायला. म्हणतात, पांढराशुभ्र करा. मी म्हणते, अहो, एकच पांढराशुभ्र केला तर बाकीचे सगळे पिवळे दिसतील. शेजारचा दात बघून रंग धरायचा असतो. चांगला दात कोणता? बसवलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही तो.”

आत्ता नाही बोलले तर मग कधीच बोलणार नाही, असं तिला वाटलं.

“ताई, समजा त्यांना की-बोर्ड घ्यायचा असेल तर?”

“घेऊ देत की! दाराबाहेर आणखी एक खुर्ची टाकू.” ताई हसल्या आणि उठल्या. “बरं, चहा टाकतेस की मी वर जाऊन माझा माझा करू?”

मैनेनं चहा टाकला. चहात साखर जास्त झाली होती आणि ते ताईंनी पहिल्या घोटाला सांगितलं.

ताई वर गेल्यावर मैना बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत बसली. तिच्या तोंडून हे निघणार नाही, एवढं तिला कळून चुकलं. मग तिच्या मनात एक युक्ती आली. आपण सांगण्यापेक्षा स्क्रीननंच सांगितलेलं काय वाईट? हे तिसरं सॉफ्टवेअर सूर डोळ्यांनी दाखवतं. व्हायोलिनचा ट्रॅक त्यात घालायचा, ताईंना खुर्चीवर बसवायचं आणि म्हणायचं, बघा. आरशावर कोणी रागावत नाही.

तिनं व्हायोलिनचा ट्रॅक आत घेतला. स्क्रीनवर शेंगा उमटल्या, तिच्या शेंगांपेक्षा लांब आणि सडपातळ. गाण्याच्या सुरुवातीला, मैनेचा आवाज यायच्या आधी, ताई थोडं एकट्याच वाजवत. तो भाग मैनेनं मोठा करून पाहिला. एकेक शेंग फूटपट्टीनं आखल्यासारखी रेघेवर होती. पहिली ओळही तशीच. दुसऱ्या ओळीपासून शेंगा रेघेखाली उतरू लागल्या, आणि कडव्याच्या शेवटी तर भलत्याच खाली गेल्या होत्या.

‘दिसतंय की स्वच्छ,’ मैना मनात म्हणाली. आपलं खरं ठरल्याचा आनंद तिला झाला नाही असं नाही, पण तो फार टिकला नाही.

कडवं संपल्यावर मधला तुकडा होता, तो लांबवलेला. तिथं ताई एकट्याच. मैनेनं सहज नजर टाकली आणि ती पुढे सरकून बसली. त्या तुकड्यात शेंगा परत वर चढत होत्या. मुंगीच्या पावलांनी, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा केसभर वर. कानाला कळणार नाही इतक्या हळू, पण न चुकता. तुकडा जिथं संपत होता, जिथून मैनेला पुढचं कडवं उचलायचं होतं, तिथला सा पुन्हा नेमका रेघेवर.

पुढच्या कडव्यात पुन्हा उतार. त्यानंतरच्या तुकड्यात पुन्हा चढ. जिथं उतार जास्त, तिथं तुकडाही जास्त लांब.

हात दमून खाली येत असेल तर तो आपोआप वर कसा जाईल? आणि एकटं वाजवताना कधीच कसा खाली येत नाही? मैनेनं दुसरं गाणं काढलं, मग तिसरं. सगळीकडे तेच. शेवटी तिनं जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सुधारलेला आवाज बाजूला ठेवला आणि स्वतःचा मूळ आवाज, कुठलीही शेंग न उचललेला, व्हायोलिनच्या वर लावला.

दुसऱ्या ओळीत ‘चांदण्यांनो’वर मैनेचा सूर निसटला होता. व्हायोलिन त्या क्षणी अजून रेघेवरच होतं. अर्ध्या श्वासानंतर ते खाली आलं, तिच्या सुरापाशी, आणि तिथं थांबलं. पुढच्या शब्दाला ती आणखी निसटली. ते पुन्हा अर्ध्या श्वासानं मागोमाग आलं. पूर्ण कडवंभर हेच. आधी ती, मग ते. एकदाही आधी ते नाही.

नाचता येईना, अंगण वाकडं. मैनेनं ही म्हण बालवाडीत कितीदा ऐकवली असेल. इथं तर अंगण बिचारं इतकी वर्षं तिच्या पायाखाली स्वतःच वाकत आलं होतं, तिला ठेच लागू नये म्हणून. आणि कडवं संपलं, ती पाणी प्यायला वळली, की तेवढ्या वेळात हळूच सरळ होऊन तिला पुन्हा जागेवर नेऊन ठेवत होतं. ती त्या वेळात पाणी पीत होती आणि किती लांबवता म्हणून कुरकुरत होती.

मैनेला भरून आलं. कोणी तरी आपल्यावर इतकी माया करावी आणि आपल्याला त्याची खबरही लागू देऊ नये, हे तिला सोसवेना. मिठासाठी, साखरेसाठी, पंख्याच्या कुरकुरीसाठी बोलणारी ही बाई. हिनं एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मैना घरी न जाता तडक डेंटल लॅबमध्ये गेली. एका लांबट खोलीत खिडकीशी ताईंचं टेबल होतं. प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, दातांच्या रंगाच्या नमुन्यांची पट्टी उघडी पडलेली. डोळ्याला भिंग लावून ताई एका बारीक सुईवर बसवलेल्या दाताला ब्रशनं रंग देत होत्या.

“इकडे कुठं वाट चुकलीस?” त्यांनी वर न बघता विचारलं. “उजेडात उभी राहू नकोस.”

मैना बाजूला झाली.

“ताई, सुरातून मी सुटते.”

ब्रश थांबला नाही. “सुटतेस,” ताई म्हणाल्या. “मग?”

“तुम्ही नाही. मी.”

“कळलं. एकदा सांगितलंस.”

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. मला कान आहेत, मैने.” ताईंनी दात उजेडात धरला, पट्टीतल्या एका नमुन्याशी ताडून पाहिला आणि पुन्हा ब्रश टेकवला.

“मी सगळ्यांना सांगत होते, तुमचा हात खाली येतो म्हणून.”

“तेही माहीत आहे. तुला कुजबुजता येत नाही. बालवाडीतल्या बायकांना येतच नाही.” त्या किंचित हसल्या. “आणि हात खाली येतोच की माझा. त्यात खोटं काय बोललीस?”

“असं नका ना बोलू.” मैना म्हणाली. “एवढ्या-तेवढ्याला बोलता तुम्ही. मिठाला बोलता. मग हे का नाही बोललात?”

“मीठ वरून घालता येतं.”

एवढंच म्हणून ताई पुन्हा रंगात बुडाल्या. मैना जागची हलली नाही. ती हलणार नाही हे थोड्या वेळानं ताईंच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी दात स्टँडवर ठेवला, भिंग कपाळावर सरकवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

“पोरगी झाली तेव्हा तू कशी होतीस, आठवतं? दिवसभर रडायचीस. ती रडायची म्हणून तू, तू रडायचीस म्हणून ती. दादा बिचारा गांगरून गेला होता. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. फक्त गाताना तेवढी तू रडायची नाहीस.” त्यांनी ब्रशचं टोक चिमटीत पुसलं. “तेव्हा काय तुला सुराचं सांगायचं होतं?”

मैना प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत राहिली.

“आणि नंतर मग सवयच झाली. तू उतरलीस की उतरायचं, मग तुला घेऊन वर यायचं. मजा येते मला. नुसतं सरळ वाजवायला काय, कोणीही वाजवेल.” ताईंनी भिंग परत डोळ्यावर ओढलं. “आता रडणार असशील तर बाहेर जाऊन रड. इथं ओल चालत नाही.”

मैना बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून खरंच रडली. मग तिथंच तिनं नाक पुसून संयोजकाला फोन लावला. गेले दोन दिवस काय बोलायचं याची ती जुळवाजुळव करत होती, आता त्यातलं काहीच लागलं नाही.

“घसरते ती मी,” तिनं सांगितलं. “व्हायोलिन मला सांभाळतं. ते काढलं तर उरेल त्याला आमचं गाणं म्हणता यायचं नाही. मला थोडे दिवस द्या, मी सूर धरून पुन्हा गाते. पण व्हायोलिन राहणार.”



“स्वतःची चूक अशी फोन करून सांगणारी गायिका मला पहिलीच भेटली,” संयोजक म्हणाला. “गा पुन्हा. ऐकतो.”

तिसरं सॉफ्टवेअर मैनेनं विकत घेतलं. शेंगा उचलायला मात्र नाही. रोज बालवाडीतून आल्यावर ती संगणकासमोर बसून एकच कडवं गाई आणि आपण कुठं निसटतो ते डोळ्यांनी बघे. निसटायच्या जागा ठरलेल्या होत्या. लांबट शब्दांच्या शेवटी, जिथं बाळ झोपल्यावर आईचा आवाज आपसूक मिटत जातो तिथं. ती पुन्हा गाई, पुन्हा बघे. नवरा दारातून डोकावून म्हणे, “वर्गात आता तूच खाली बसलीस वाटतं.” ती त्याला हातानंच पिटाळून लावी. हळूहळू शेंगा रेघेजवळ यायला लागल्या. सगळ्या नाहीत, पण बऱ्याचशा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनं नेहमीप्रमाणे कपाटाची दारं उघडली, खिडकीला रजया टांगल्या, पाण्याचा ग्लास भरून हाताशी ठेवला. दार किलकिलं केलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ताई म्हणाल्या, “पंख्याला तेल घातलंस वाटतं. बरं केलंस.”

मैनेनं एका कानाला हेडफोन लावला. त्यात नुसता सा वाजत होता, धरून राहायला. ताईंनी सुरुवात केली, नवे केस बसवलेला गज तारेवरून गेला आणि मैना गायला लागली. ‘चांदण्यांनो’ आलं. तिनं शेवटचा ‘नो’ हात घट्ट धरल्यासारखा धरला. पुढची ओळ, त्याच्या पुढची. दाराच्या फटीतून व्हायोलिन तिच्या अगदी शेजारून चाललं होतं, आणि आता कशासाठी कान द्यायचा हे ठाऊक असल्यामुळे तिला ते पहिल्यांदाच पुरतं ऐकू येत होतं. तिचा सूर कुठं डळमळला की ते किंचित थबके, मागे वळून बघितल्यासारखं. ती सावरली की पुन्हा चालू लागे.

कडवं संपलं. मधला तुकडा सुरू झाला. मैनेनं सवयीनं ग्लास उचलला आणि तोंडाला लावला.

व्हायोलिन थांबलं.

खोलीत काहीच वाजेना. मैना तोंडात घोट तसाच धरून दाराकडे बघत राहिली.

“मैने,” फटीतून आवाज आला. “झोपलीस की काय?”

तिनं घोट गिळला. “संपला तुकडा?”

“संपला.”

“एवढाच?”

मग ताई म्हणाल्या, “आज चढायला काही नव्हतं.”

मैनेनं ग्लास खाली ठेवला. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि यातलं कुठलं आधी पुसायचं ते तिला कळेना.

“तरी लांबवत जा, ताई,” ती दाराच्या फटीकडे बघून म्हणाली. “माझं पाणी पिऊन होत नाही.”

गज तारेवर टेकल्याचा बारीकसा आवाज आला आणि मधला तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, चांगला लांब.